दोन साड्या आणि माहीमची ओल

आमच्या जबलपुरात मे महिन्यात साडी वाळत घालावी लागत नसे, नुसती दाखवावी लागे. नेपियर टाउनच्या घरामागे आईने एक तार बांधली होती. तिच्या एका टोकाला साडी टाकायला सुरुवात करावी आणि दुसऱ्या टोकाशी पोचून पदर झटकावा, तोवर पहिलं टोक पापडासारखं कडक. आई म्हणायची, ऊन आहे की भडभुंज्याची कढई. आम्ही त्या कढईत राहायला शिकलेलो होतो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत खसच्या. त्यांच्यावर दर थोड्या वेळाने लोटा भरून पाणी मारायचं. बाहेरून लू भाजत यायची आणि ताटीतून आत येताना गार, सुवासिक होऊन यायची. दुपारच्या जेवणात कैरीचं पन्हं, कांदा आणि संध्याकाळी गुळाचा सत्तू. बाहेर पडायचं तर ओढणी पाण्यात बुडवून, पिळून, डोक्यातोंडाला गुंडाळायची, फक्त डोळे उघडे. कमानिया गेटपर्यंत जाऊन यायचं तर वाटेत ती एकदा पुन्हा भिजवावी लागे. ओलं सुती कापड अंगावर असलं की उन्हाची टाप नाही, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं.

त्यातून मी वस्त्रशास्त्रात पहिली आलेली. गृहविज्ञानाच्या परीक्षेत त्या विषयात मला जे गुण मिळाले ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, दूधवाल्यालाही. मी फार शहाणी मुलगी होते. इतकी शहाणी की आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन. कापूस घाम कसा शोषतो, पाणी उडून जाताना उष्णता कशी नेतं, हे मी जेवताना सांगत असे आणि आई म्हणत असे, "ते ठीक आहे, पण पोळी वाढ."

मला पुढचं शिकायला मुंबईला जायचं होतं. तिथल्या एका कॉलेजने मुलाखतीला बोलावलं होतं. दादांची एकच अट होती. वसतिगृह नाही. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, माहीमला राहत होती. ती दोन वर्षं ठेवून घेईन म्हणाली तर जायचं, नाही म्हणाली तर सराफ्यामागच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी तयार होती. म्हणून मला मुलाखतीच्या आठवडाभर आधीच पाठवायचं ठरलं. कॉलेजने मला पाहायचं होतंच, पण त्याआधी आत्याने पाहायचं होतं.

आत्या याच घरात वाढलेली, याच खिडक्यांवर पाणी मारत मोठी झालेली. पण लग्न होऊन मुंबईला गेली आणि तिने जबलपूर अंगावरून असं धुऊन काढलं की डाग राहू नये. चार वर्षांतून एकदा यायची आणि आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून नाक दाबायची. आई तिला घाबरायची. मी घाबरत नसे. मला ती आवडतच नसे, त्यामुळे घाबरायला वेळ मिळाला नाही.

"चार साड्या घे," आई म्हणाली.

"दोन पुरे. एक धुतली की एक नेसायची. अर्ध्या तासात वाळते."

"मुंबईचं मला काही माहीत नाही बाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मी मुंबई नकाशात पाहिली होती.

त्या दोन साड्यांना मी तांदळाच्या पेजेची खळ केली. माझ्या खळीचा मला गर्व होता. माझी साडी नेसायच्या आधी उलगडावी लागत नसे, सोलावी लागे. कोपऱ्यात ठेवली तर उभी राही. एक रोजची, दुसरी आईची हिरव्या काठाची महेश्वरी, मुलाखतीसाठी. आईने आत्यासाठी सत्तूची पिशवी भरून दिली. स्टेशनवर जाताना मी नेहमीप्रमाणे ओली ओढणी गुंडाळली. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, बंबई तक ऐसेई जाओगी क्या?" तो थट्टा करत होता. मी खरोखर तशीच गेले.

आत्याने दार उघडलं आणि लगेच अर्धं लावलं.

"कोण आहे?"

"मी कुमुद, आत्या."

"तोंड सोड आधी. शेजारपाजार बघतोय. जबलपूरहून आलीस की चंबळच्या खोऱ्यातून?"

ओढणी मी वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर नळाखाली धरली होती. इगतपुरीनंतर ती वाळायचं विसरली होती आणि आता डोक्यावर धोब्याच्या बोचक्यासारखी बसली होती. माझी खळीची साडी, जी निघताना कागदासारखी वाजत होती, ती पायांना चिकटत होती आणि तिला आंबट वास यायला लागला होता. इडलीच्या पिठाला येतो तसा. आत्याने तो वास घेतला. ती फक्त एक पाऊल मागे सरली आणि त्या एका पावलात तिने मला आठवडाभर पुरेल एवढं ऐकवलं.

सत्तूची पिशवी तिने दोन बोटांनी धरली. "हे गुरांचं खाणं आम्ही खात नाही. बाईला देऊन टाकते." बाई म्हणजे कामवाली. मग माझ्या बॅगेकडे बघून, "एवढंच सामान? राहायला आलीस की लोकलाज सोडायला?"

"दोन साड्या पुरतात. सुती आहेत."

"इथं सगळ्या बायका नायलॉन नेसतात. धुतलं, झटकलं, नेसलं."

"नायलॉन घाम शोषत नाही आत्या. उन्हाळ्यात ते शास्त्राच्या विरुद्ध आहे."

त्या वाक्यानंतर आमचं युद्ध सुरू झालं असं म्हणता येईल. खरं तर ते दारातच सुरू झालं होतं, मी फक्त तोफ डागली.

माझी नात परवा मुंबईला निघाली तेव्हा मोबाइलला विचारत होती, मे महिन्यात तिथे काय घालू. मोबाइल म्हणाला, हलके, सैल, सुती कपडे. मी मागून म्हटलं, त्याला विचार की तो आत्याकडे कधी राहिला होता का. तिला कळलं नाही. तिला मराठी कळतं, पण माझं खवचट मराठी तिला नेहमीच कळतं असं नाही.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर, मागच्या खिडकीतून दुपारी समुद्राचा वारा येणारं. त्या खिडकीच्या खोलीत छताखाली दोऱ्या होत्या आणि कपडे वर टाकायला एक लांब काठी. गॅलरी होती, पण तिच्यात आत्याने कुंड्या आणि जुनी शिडी भरून ठेवली होती. मला दोरीचं भिंतीकडचं टोक मिळालं. सकाळी मी साडी धुवून काठीने वर चढवायची आणि संध्याकाळी ती तितकीच ओली असायची. रात्रभरातही काही फरक पडत नसे. दुसऱ्या सकाळी मी ती तशीच दमट नेसायची, घरच्या हिशेबाने, अंगावर वाळेल म्हणून. अंगावर ती वाळत नसे, शिजत असे. खळ तर शेवयांच्या खिरीसारखी झाली होती. माझ्या मानेवर घामोळं उठलं आणि आत्या रोज सकाळी ते बघून चहा ढवळत असे.

गंमत म्हणजे समोरच्या गॅलरीत शेजारणीची सुती पातळं टांगलेली असत आणि तिन्हीसांजेपर्यंत खडखडीत वाळत. मी ती रोज पाहत होते. वस्त्रशास्त्रात पहिली आलेली मुलगी ती पातळं रोज पाहत होती आणि तिच्या टाळक्यात एकही प्रश्न उगवला नाही. मला वाटायचं, आपलंच कापड खोटं.

भाषेवरून तर ती मला श्वास घेऊ देत नसे. मी "काहून" म्हटलं की ती हातातलं काम थांबवून वाट पाहत असे, मी "का" म्हणेपर्यंत. "करून राहिले" म्हटलं की विचारायची, "कुठे राहिलीस? किती दिवस राहिलीस?" एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आत्या, तू काहून चिडून राहिली?" त्या संध्याकाळी माझ्या ताटात आमटी आली ती गार.

आणि एक नियम होता. दुपारी मी घरात थांबायचं नाही. जेवण झालं की ती म्हणायची, "लोळायची सवय लागते. वाचनालयात जा, चारच्या आत येऊ नकोस." मी दुपारभर वाचनालयाच्या पंख्याखाली बसून घामाने पुस्तकाची पानं भिजवायची आणि आत्याचा द्वेष करायची. हे काम मला चांगलं जमत होतं.

घरातला तिसरा माणूस म्हणजे आतोबा, आत्याचे यजमान. सज्जन होते, तपकीर ओढत. इतकी की नाकात वासाला जागाच उरली नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून आले की आधी भिंतीवर तळवा टेकत. "ओल," म्हणत. त्यांच्या चामड्याच्या जोड्यांवर हिरवी लव यायची, पुस्तकांना बुरशी, पापड मऊ पडायचे. हे घरमालकाचं पाप आहे असं त्यांचं पक्कं मत होतं. खालीच राहणाऱ्या घरमालकाशी ते वर्षानुवर्षं बोलत नव्हते. जिन्यात गाठ पडली तर दोघंही भिंतीकडे बघत. "समुद्राची हवा हो," आत्या म्हणायची. "समुद्राची नव्हे, त्या माणसाची," आतोबा म्हणायचे आणि चिमूट भरायचे.

मला त्या घरात सारखा खसचा वास यायचा. उशीलाही यायचा. मला वाटलं, घरची आठवण ती हीच. एका रात्री त्या वासाने मला रडू आलं आणि मी स्वतःला भावनाशील समजून थोडी खूशही झाले.

मुलाखतीच्या दिवशी आत्याने कपाटातून एक फिकट गुलाबी नायलॉनची साडी काढली आणि माझ्या अंथरुणावर टाकली. "ही नेस. माझ्या घरातून बाहेर पडणारी मुलगी आंबलेली दिसायला नको." सभ्यपणे घेतली असती तर संपलं असतं. पण मी आदल्या दिवशीच महेश्वरी धुऊन, नवी खळ देऊन दोरीवर चढवली होती, कारण आलटूनपालटून नेसताना तिलाही तो आंबट वास लागला होता. "मी माझीच नेसणार," मी म्हटलं. ती दमट होती. इस्त्री फिरवली तर वाफ आली आणि खळ इस्त्रीला चिकटली. मी नेसले आणि ताठ मानेने जिना उतरले. मान तेवढी ताठ होती, बाकी काही नाही.

कॉलेजात टेबलापलीकडे तिघी जणी बसल्या होत्या. पंखा माझ्यावर होता आणि साडी पंख्याला दाद देत नव्हती. आतल्या लाल परकराचा रंग हिरव्या काठाशेजारी उमटला होता. मधल्या बाईंनी विचारलं, "ओलं झाल्यावर कुठल्या धाग्याची ताकद वाढते?"

"कापसाची. ओलं सूत कोरड्यापेक्षा बळकट असतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "तग धरून आहे खरं." बाकी दोघींनी रुमाल तोंडाला लावले. का लावले ते मी तेव्हा ठरवलं नाही, अजूनही ठरवत नाही. मग त्यांनी बरंच विचारलं, मला सगळं येत होतं, आणि शेवटी मधल्या बाई म्हणाल्या, "प्रवेश देऊ आम्ही. राहायची सोय आहे ना? नाहीतर जागा दुसरीला जाईल. उद्या सांगा."

उद्या. आणि माझी सोय माहीमला कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने आठवडाभरात मला राहा म्हटलं नव्हतं, उलट आदल्या रात्री आतोबांना सांगताना मी ऐकलं होतं, "दादाला कळवते, जमायचं नाही म्हणून." मी वाचनालयात न जाता सरळ घरी निघाले. नेसायला दुसरी कोरडी साडी नव्हती, रडायला दुसरी जागा नव्हती. दोन वाजले असतील.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबले.

खिडकीला खसची ताटी लावलेली होती. आमच्याच घरच्यासारखी, बांबूच्या चौकटीची, काळपट पडलेली, मधून विस्कटलेली. तिच्यातून पाणी गळून खिडकीच्या चौकटीवरून भिंतीवर ओघळत होतं. वर दोरीवर माझी रोजची साडी लटकत होती, समुद्राचा वारा त्या ओल्या ताटीतून येऊन थेट तिच्यावर बसत होता. आणि खाली, ओल्या फरशीवर, पाय पसरून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, फक्त डोळे आणि तोंड उघडं ठेवून आत्या बसली होती. एका हाताशी लोटा होता. मांडीवरच्या वाटीत गुळात भिजवलेला सत्तू होता, आणि ती तो बोटाने चाटत होती.

"काहून आली तू इतक्या लवकर?" ती म्हणाली.

तिने जे म्हटलं ते तिच्याही कानावर गेलं होतं. तिने बोट तोंडातून काढलं.

"दार लाव," ती म्हणाली. "वारा निघून जातो."

मी दार लावलं. ती उठली नाही. तिने लोट्यातलं पाणी ताटीवर मारलं, सवयीने, मनगटाच्या एका झटक्याने, आई मारते तसं अगदी.

"हे रोज करून राहिली तू?"

"लग्नापासून."

"गार होते काय इथं?"

"नाही," आत्या म्हणाली. "इथं काहीच गार होत नाही. वास येतो." आणि मग लगेच, जणू मीच तिच्याकडून ते काढून घेतलं अशा रागाने, "बघत काय उभी राहिली? ओली आहेस, फरशी खराब करशील."

त्या क्षणी एखाद्या चांगल्या मुलीने तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला असता. माझ्या डोक्यात मात्र आठवडाभरात पहिल्यांदा वस्त्रशास्त्र चाललं. मी दोरीवरच्या साडीकडे पाहिलं, भिंतीवरच्या ओघळाकडे पाहिलं, मग पलंगाखालच्या आतोबांच्या जोड्यांकडे पाहिलं, ज्यांच्यावर श्रावणातल्या कुरणासारखी लव आली होती.

"आत्या," मी म्हटलं, "आतोबा घरमालकाशी कधीपासून बोलत नाहीत?"

तिने पंचा डोक्यावरून काढला. केस चप्प बसले होते आणि ती एकदम दादांसारखी दिसायला लागली, पत्त्यात हरताना दिसायचे तशी.

"समुद्राची हवा आहे," ती म्हणाली.

"शेजारणीची पातळं वाळतात."

"तिचं घर वेगळं."

"त्यांना विचारून पाहू? संध्याकाळी येतीलच."

"कारटे," आत्या म्हणाली, हळू, जवळजवळ कौतुकाने. "वहिनीवर गेली नाहीस. माझ्यावर गेलीस."

इतकं लागट मला आजवर कोणी बोललेलं नाही.

मग आम्ही सौदा केला. ती म्हणाली, दोन वर्षं. मी म्हटलं, दोरीचं टोक नको, गॅलरी रिकामी कर. ती म्हणाली, शिडी तू उचल. मी म्हटलं, दुपारी वाचनालय बंद. ती म्हणाली, मग ताटीवर पाणी तू मारायचं, माझा खांदा दुखतो. सत्तूची पिशवी कुठे आहे विचारल्यावर तिने डोळ्याने पलंगाखाली दाखवलं. बाईला दिलीच नव्हती. मी वाटी आणली. आम्ही दोघी ओल्या फरशीवर एकमेकींकडे पाठ करून सत्तू खाल्ला.

साडेचारला ताटी मेणकापडात गुंडाळून पलंगाखाली गेली. मी ती गुलाबी नायलॉनची साडी नेसले. आत्याने नेसताना पाहिलं आणि फार हसली, पहिल्यांदाच. सहाला आतोबा आले. भिंतीला तळवा टेकला.

"वाढलीच आहे ओल," ते म्हणाले. "उद्या जाऊन त्या माणसाला चांगलं सुनावतो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात चिमटा होता.

"जाऊ द्या आतोबा," मी म्हटलं. "समुद्रच आहे तो."

आम्ही दोघी दोन वर्षं एका घरात राहिलो आणि एकमेकींना एकदाही आवडलो नाही. कोणी विचारलं तर मी सांगते, हो, आत्याकडे शिकले. लोक हळवे होतात, मी होऊ देते. ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, मी तिच्या शुद्ध मराठीला. फक्त दुपारी, दार लावून, ती "काहून" म्हणायची आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवायची.

दर सुट्टीतून मुंबईला परत जाताना माझ्या बॅगेत आता नायलॉनच्या दोन साड्या असत आणि त्यांच्यात गुंडाळलेला कमानिया गेटच्या दुकानातला ताजा खस, जुनी ताटी भरायला. बॅगेत इतर काही मावत नसे. दारात आत्या साड्या बाजूला करायची, खसची जुडी नाकाशी न्यायची, डोळे मिटायची. मग डोळे उघडून म्हणायची,

"गेल्या सालचा आहे. फसवलं तुला."